ठाऊक असू शकले असते

जर्मन भाषेची थट्टा करण्याची परंपरा जुनी आहे. मार्क ट्वेनने १८७८ साली हायडेलबर्गला मुक्काम ठोकून तिच्याशी झुंज घेतली आणि १८८० च्या आपल्या प्रवासवर्णनाला एक स्वतंत्र पुरवणी जोडून तिची यथेच्छ टिंगल केली. त्या टिंगलीत क्रियापदाला चांगलेच फटके बसले. कर्ता येतो, कर्म येते, कुठे, केव्हा, कोणाबरोबर सारे येऊन जाते, आणि घडले काय ते सांगणारे क्रियापद लग्नातल्या रुसलेल्या मामासारखे शेवटी येते. मराठी माणसाला ह्यात हसण्यासारखे फारसे नाही. आपलेही क्रियापद शेवटीच बसते आणि आपल्याला त्याची वाट पाहायची सवय आहे.

आपली वाट अडते ती पुढच्या वळणावर. पुण्यामुंबईच्या शाळाकॉलेजांतून आज जर्मन शिकणारी मुले पुष्कळ आहेत. एरवी घोड्यासारखी धावणारी ही मुले एका धड्यापाशी हटकून थबकतात. आपल्याकडे जे काम 'शकणे', 'लागणे', 'पाहिजे', 'हवे' ही मंडळी करतात, ते जर्मनमध्ये सहा क्रियापदांकडे आहे : क्योनन, म्युसन, झोलन, ड्युर्फन, वोलन आणि म्योगन. शकणे, भाग पडणे, कर्तव्य असणे, मुभा असणे, इच्छिणे, आवडणे, असे त्यांचे ढोबळ अर्थ. वर्तमानकाळात ही अगदी गरीब स्वभावाची. भूतकाळात नेली की मात्र बिथरतात.

एकच वाक्य घेऊ. 'त्याला ते ठाऊक होऊ शकले.' जर्मनमध्ये 'विसन' म्हणजे ठाऊक असणे. नियमाप्रमाणे 'शकणे'चे भूतकालवाचक रूप 'गकॉण्ट' असे यायला हवे. पण दुसरे क्रियापद सोबत असले की ते रूप गळून पडते आणि दोन्ही क्रियापदे मूळ रूपातच शेजारी शेजारी उभी राहतात : 'एर हाट एस विसन क्योनन.' ही चाल मध्ययुगाच्या उत्तरार्धात काही क्रियापदांपासून सुरू झाली आणि पुढे साऱ्या कुटुंबाने उचलली. ती का पडली ह्यावर विद्वानांत अजून एकमत नाही. पाठ करणाऱ्या मुलाला त्या वादाशी कर्तव्य नसते. त्याचे लक्ष 'हाट' ह्या इवल्या शब्दावर हवे. तिथे 'हाटऽ' आले तर 'त्यापूर्वीच ठाऊक होऊ शकले होते', आणि त्याच अक्षरावर दोन टिंबे देऊन 'हेटऽ' केले की 'ठाऊक होऊ शकले असते, पण झाले नाही'. घडलेले आणि न घडलेले ह्यांच्यामध्ये शाईचे दोन ठिपके.

दुसरी अडचण ह्याहून बारीक आहे. 'एर हाट एस विसन म्युसन' म्हणजे ते ठाऊक करून घेणे त्याला त्या वेळी भाग पडले. पण 'एर मुस एस गवुस्ट हाबन' म्हणजे त्याला ते ठाऊक असलेच पाहिजे, असा माझा आजचा तर्क. पहिल्या वाक्यात सक्ती भूतकाळातली. दुसऱ्यात फक्त ठाऊक असणे भूतकाळातले, आणि 'पाहिजे' आत्ता बोलणाऱ्याचे. मग 'मुस'च्या जागी 'झॉल' घाला. अर्थ होतो, 'त्याला म्हणे ठाऊक होते.' आपले 'म्हणे' हुबेहूब! आणि 'विल' घाला. त्याचा साधा अर्थ 'इच्छितो'. पण 'एर विल एस निश्ट गवुस्ट हाबन' ह्याचा अर्थ 'आपल्याला ते ठाऊक नव्हते असे तो म्हणतो', आणि म्हणता म्हणता ऐकणाऱ्याची भुवई वर गेलेलीही त्यातच येते.

ह्या क्रियापदांची कुळकथा पाहिली तर त्यांचा विक्षिप्तपणा थोडा उलगडतो, आणि तिथे आपल्या घरची एक खूण सापडते. फ्रान्झ बोप ह्या पंडिताने १८१६ साली संस्कृत क्रियापदांची ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मन कुळातल्या क्रियापदांशी तुलना करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. तुलनात्मक भाषाशास्त्राचा प्रारंभ पुष्कळ जण तिथून मोजतात. संस्कृतात 'वेद' हे ग्रंथाचेच नाव नाही. 'तो जाणतो' असे ते क्रियापदही आहे. त्याचा अर्थ वर्तमानाचा, पण प्रत्यय लिट्‌चे, म्हणजे भूतकाळाचे. 'पाहून झाले आहे, म्हणून ठाऊक आहे,' असा त्याचा मूळ भाव. जर्मनमधले 'वाइस', म्हणजे 'तो जाणतो', हे ह्या 'वेद'चे सख्खे भावंड, आणि तेही असेच भूतकाळाच्या साच्यात वर्तमान बोलणारे. 'वोलन' वेगळ्या वाटेने आले. बाकीची पाच ह्याच जुन्या साच्यातली. जुना भूतकाळ वर्तमानात खर्ची पडला, तेव्हा त्यांना नवा भूतकाळ मागाहून शिवून घ्यावा लागला. ठिगळे दिसतात ती त्यामुळे.

ह्यांपैकी 'झोलन'चा आरंभीचा अर्थ 'देणे लागणे' असा होता. मराठीत आपण 'मी त्याचे शंभर रुपये देणे लागतो' म्हणतो आणि 'मला जावे लागते' असेही म्हणतो. कर्जाचा आणि कर्तव्याचा शब्द एकच. जर्मनने एक पाऊल पुढे टाकले. 'झोलन'च्याच मुळापासून 'शुल्ट' हा शब्द झाला. त्याचा अर्थ कर्ज, आणि त्याचाच अर्थ अपराध.

हे सारे व्याकरण २० नोव्हेंबर १९४५ रोजी न्युरेंबर्गच्या न्यायमंदिरात जाऊन बसले. नाझी राजवटीच्या पुढाऱ्यांवरचा तो खटला इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत एकाच वेळी चालला. कानाला यंत्र लावून बसलेल्या दुभाष्यांच्या बारा-बारांच्या तीन तुकड्या पाळीपाळीने काम करीत. बोलणाऱ्याने वेग आवरावा म्हणून पिवळा दिवा लागे, थांबावे म्हणून तांबडा. आरोपी जर्मनमध्ये लांबलचक वाक्य सुरू करी आणि दुभाष्या क्रियापदाची वाट पाहत ताटकळे. ती प्रतीक्षा ट्वेनच्या थट्टेतली नव्हती. शेवटी 'क्योनन' येते की 'म्युसन', मागे 'हाबऽ' होते की 'हेटऽ', ह्यावर 'मला कळू शकले नाही', 'मला कळू शकले असते' आणि 'मला कळायलाच हवे होते' ह्यांतला भेद लटकत होता. वर्गात काच फुटली की मुले 'मी फोडली नाही, फुटली' म्हणतात. अंग काढून घेण्यासाठी क्रियापदाचा आडोसा पोराटोरांनाही सापडतो. इथे आडोशाला उभे असलेले लोक एका राष्ट्राचे मंत्री आणि सेनापती होते. १ ऑक्टोबर १९४६ रोजी निकाल संपला : बारांना फाशी, सातांना कैद, तिघे निर्दोष.

त्याच हिवाळ्यात हायडेलबर्गला कार्ल यास्पर्स हे तत्त्वज्ञ 'शुल्ट' ह्याच शब्दावर व्याख्याने देत होते. पत्नी ज्यू, म्हणून नाझी सरकारने १९३७ साली त्यांना अध्यापनातून दूर केले होते. ट्वेनने जिथे क्रियापदांची चेष्टा केली त्याच गावात यास्पर्स विद्यार्थ्यांना सांगत होते की अपराध चार प्रकारचा असतो : कायद्यापुढचा, राजकीय, नैतिक, आणि माणूस म्हणून दुसऱ्या माणसाचे देणे लागण्यातून येणारा. ही व्याख्याने १९४६ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. पुढे १९६३ ते १९६५ फ्रँकफुर्टला आउशवित्झ छावणीतल्या पहारेकऱ्यांवर आणि अधिकाऱ्यांवर खटला चालला. ह्या वेळी न्यायाधीश जर्मन, आरोपी जर्मन आणि कायदाही जर्मन. दुभाष्या लागला तो परदेशांतून आलेल्या साक्षीदारांसाठी.

न्युरेंबर्गच्या आरोपींत एक गृहस्थ इतरांहून वेगळे वागले : हिटलरचा वास्तुशिल्पी आणि १९४२ पासून युद्धसामग्रीचा मंत्री, आल्बर्ट श्पेअर. त्याने जबाबदारीतला आपला वाटा सामान्यपणे कबूल केला, आणि वीस वर्षांची कैद भोगून १९६६ मध्ये बाहेर आला. १९६९ साली त्याच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. त्यांत १९४४ च्या उन्हाळ्यातली एक हकिगत आहे. हान्के नावाचा मित्र घरी आला आणि म्हणाला, वरच्या सायलेशियातली एक छावणी पाहायला कोणी बोलावले तर चुकूनही जाऊ नकोस. श्पेअरने त्याला काही विचारले नाही, मागाहून दुसऱ्या कोणालाही विचारले नाही. कळून घ्यायचे नव्हते म्हणून, असे तो स्वतःच लिहितो. कळू शकले असते, कळायला हवे होते. पण कळले नव्हते. त्या पुस्तकाने अनेकांची सहानुभूती मिळवली, आणि मला वाटते त्यात ह्या 'हेटऽ'चा वाटा मोठा होता. 'असते' म्हणणारा माणूस मान खाली घालतो, पण हात स्वच्छ ठेवतो.

हाइनरिश हिम्लरने ६ ऑक्टोबर १९४३ रोजी पोझन येथे पक्षाच्या वरिष्ठांपुढे भाषण केले आणि ज्यूंचा समूळ संहार चालला असल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले. श्पेअर त्या दिवशी सकाळी त्याच सभेत बोलला होता. हिम्लर बोलायला उभा राहण्यापूर्वी आपण निघून गेलो होतो, असे तो पुढे सांगत राहिला. १९८१ साली तो वारला. २००७ मध्ये त्याचे एक जुने खाजगी पत्र उजेडात आले, १९७१ च्या डिसेंबरात लिहिलेले. सर्व ज्यूंना ठार मारले जाईल असे हिम्लरने जाहीर केले तेव्हा आपण हजर होतो, असे त्याने त्यात लिहिले आहे. 'शकलो' नाही, 'असतो' नाही, 'हवे होते' नाही. साधा भूतकाळ.