दहा बोटांचा दाखला

१९१२ सालच्या अखेरीस नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले होते. त्या दौऱ्यात हिंदी लोकांपुढे त्यांनी मराठीत भाषण केले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात नाही. श्रोत्यांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान होते, थोडे महाराष्ट्रीय हिंदूही होते. इथे इंग्रजी नको, मराठीतच बोला, असा गांधीजींनी आग्रह धरला आणि भाषांतराचे काम स्वतःकडे घेतले. गांधीजींना मराठीतला एक शब्दही बोलता येत नव्हता, आणि गोखल्यांनी त्यावरून त्यांची यथेच्छ थट्टा केली. पण विषय पाठ असला म्हणजे भाषा अडत नाही, तसे झाले. भाषांतर निभावले, आणि परतीच्या वाटेवर झांजिबार येईपर्यंत हाच परिपाठ चालू राहिला.

तो विषय कोणता होता? समुद्रापलीकडे जाऊन दुकान थाटणाऱ्या, डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकणाऱ्या, मजुरी करणाऱ्या माणसांचे तिथले स्थान कोणते, हा. आणि ट्रान्सवालपुरते बोलायचे तर हे स्थान एका कागदावर ठरत होते. त्या कागदाची हकीकत सांगण्यासारखी आहे. कारण परक्या मुलुखात राहणाऱ्याला ओळखपत्र मिळणे म्हणजे काय, हा प्रश्न तिथे जितक्या उघडपणे विचारला गेला तितका क्वचितच कुठे विचारला गेला असेल.

ट्रान्सवाल हे मूळचे बोअर लोकांचे प्रजासत्ताक. तिथे १८८५ साली तिसऱ्या क्रमांकाचा कायदा झाला. आशियाई माणसाला नागरिकत्व मिळणार नाही, नेमून दिलेल्या वस्तीबाहेर जमीन घेता येणार नाही, आणि व्यापारासाठी येऊन राहणाऱ्याने फी भरून नाव नोंदवावे, असा त्याचा मथितार्थ. आरंभी ही फी २५ पौंड होती. पुढल्याच वर्षी ती ३ पौंडांवर आली. बोअर राज्यात हा कायदा ढिलेपणाने चाले. गंमत अशी, की हिंदी लोकांना अशी वागणूक मिळते ही इंग्रजांचीच बोअरांविरुद्ध एक तक्रार होती. १८९९ साली युद्ध पेटले, १९०२ मध्ये संपले, ट्रान्सवाल इंग्रजांच्या हाती आला; आणि ज्या कायद्याबद्दल इंग्रज कळवळून बोलत होते तोच ते अधिक काटेकोरपणे राबवू लागले. बोअरांचा चाबूक निदान कधीमधी खुंटीला असे. इंग्रजांची लेखणी चोवीस तास चालू राहिली.

युद्धाच्या धामधुमीत नाताळात आणि केपकडे पळालेली हिंदी कुटुंबे परत येऊ लागली, तेव्हा त्यांना परवाना लागू झाला. त्यासाठी आशियाई खाते म्हणून स्वतंत्र खाते निघाले. खाते निघाले की लाच आलीच. हक्काच्या माणसाला दाराबाहेर तिष्ठत ठेवायचे आणि शंभर पौंड मोजणाऱ्याला आत घ्यायचे, असा व्यवहार तिथे चाले, हे गांधीजींनी लिहून ठेवले आहे. दोन अधिकाऱ्यांवर खटला झाला. पंचांनी त्यांना निर्दोष सोडले, तरी पुढे त्यांची नोकरी गेली. १९०३ साली लॉर्ड मिल्नर यांनी सल्ला दिला की, सर्वांनी एकदा नोंदणी करून घ्यावी, म्हणजे पुन्हा कोणी त्रास देणार नाही. कायद्याने सक्ती नसतानाही हिंदी लोकांनी हे ऐकले. अंगठा उठवला, कागद घेतला, पेटीच्या तळाशी जपून ठेवला. आता सुटलो, असे त्यांना वाटले.

तीन वर्षे गेली. १९०६ सालच्या २२ ऑगस्टला ट्रान्सवालच्या सरकारी गॅझेटात नव्या वटहुकमाचा मसुदा छापून आला. जुने सगळे दाखले रद्द. आठ वर्षांवरच्या प्रत्येक आशियाई माणसाने, मग तो पुरुष असो, स्त्री असो की मूल असो, पुन्हा अर्ज करायचा. अंगावरच्या खुणा लिहून द्यायच्या, दहाही बोटांचे ठसे द्यायचे. दाखला सदैव जवळ बाळगायचा; पोलिसाने रस्त्यात मागितला तर दाखवायचा, आणि पोलिसाला त्यासाठी घरातही शिरता येईल. न दाखवणाऱ्याला दंड, तुरुंग, नाही तर हद्दपारी. पुढे ओरड झाली तेव्हा स्त्रियांना यातून वगळले गेले. बाकीचे कलम न् कलम तसेच राहिले.

सरकारचे म्हणणे वरवर पाहता खोटे नव्हते. खोट्या परवान्यांवर माणसे येतात, एकाचा कागद दुसरा वापरतो, म्हणून पक्की ओळख हवी. पण पक्की ओळख सगळ्यांची घ्यावी, असे त्यांच्या मनात आले नाही. गोऱ्या दुकानदाराच्या बोटांना शाई लागणार नव्हती.

या शाईचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. कारण ती आपल्याकडूनच तिकडे गेली. १८५८ साली बंगालात जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारनाम्यावर पंजाचा ठसा घेतला, पुढे कबुली नाकारू नये म्हणून. तिथून वाढत वाढत १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. बंगालचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत जगभर गाजली. तिच्यामागचे गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी फौजदारांनी बसवले होते. हेच हेन्री १९०० साली पोलिसांची घडी बसवायला दक्षिण आफ्रिकेत गेले होते. गांधीजींनी त्यांचे पुस्तक मिळवून वाचले, आणि कायद्याने दहा बोटे फक्त गुन्हेगाराचीच घेतली जातात, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे हिंदुस्थानात गुन्हेगारासाठी घडवलेले हत्यार सचोटीने धंदा करणाऱ्या हिंदी माणसावर परमुलुखात चालवले जात होते.

११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाटकगृहात सभा भरली. सुमारे ३००० माणसे होती. हा कायदा मानायचा नाही, होईल ती शिक्षा भोगायची, असा ठराव आला. आणि शेठ हाजी हबीब यांनी ईश्वराला साक्ष ठेवून तशी शपथ घ्यावी असे सुचवले. ठराव हात वर करून होतात आणि विसरले जातात. शपथेचे तसे नसते. गांधीजी स्वतः क्षणभर दचकले, आणि मग त्यांनी लोकांना शपथेचा अर्थ फोड करून सांगितला: शेवटी एकटा उरलो तरी पाळीन, असे ज्याला वाटत असेल त्यानेच घ्यावी. सगळी सभा उभी राहिली. या लढ्याला नाव मात्र नंतर मिळाले. त्यासाठी ‘इंडियन ओपिनियन’ पत्राने स्पर्धा लावली. मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ शब्द सुचवला, गांधीजींनी त्याचा ‘सत्याग्रह’ केला. आज आपण ज्या शब्दाने एक अख्खे युग ओळखतो तो शब्द मुळात ओळखपत्रावरच्या भांडणातून जन्मला, हे सहसा कोणाला आठवत नाही.

शिष्टमंडळ विलायतेला गेले. वटहुकमाला संमती मिळाली नाही. पण १ जानेवारी १९०७ पासून ट्रान्सवालला स्वराज्य मिळाले, आणि मार्चमध्ये तोच मसुदा नव्या कायदेमंडळाने एका बैठकीत मंजूर केला. १ जुलैपासून नोंदणीच्या कचेऱ्या गावोगाव फिरू लागल्या. दारांवर हिंदी स्वयंसेवक उभे राहून येणाऱ्याला हात जोडत. मुदत वाढवत वाढवत ३० नोव्हेंबरपर्यंत नेली, तरी सुमारे १३,००० हिंदी लोकांपैकी ५०० च्या आसपास माणसांनीच दाखले घेतले.

या पाचशेंचा विचार इतिहासकार फारसा करीत नाहीत. त्यांच्यात काही बडे व्यापारी होते. स्वयंसेवकांच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून त्यांनी रात्री नऊ-दहाच्या सुमारास एका घरात अधिकाऱ्यांना बोलावून गुपचूप बोटे टेकवली. त्यांना भेकड म्हणणे सोपे आहे. पण ज्याचा सगळा माल उधारीवर आहे, ज्याच्या दुकानाचा परवाना या कागदावाचून नव्याने मिळायचा नाही, ज्याच्या मनिऑर्डरीची वाट घरी पाहिली जाते, त्याने काय करावे? ओळखपत्राची हीच तर खोच आहे. तो कागद अपमानही असतो आणि आसराही असतो. एका चिनी माणसाने न समजता नोंदणी केली, आणि आपण जातभाईंचा घात केला असे कळताच शरमेने जीव दिला. त्याची आणि रात्रीच्या अंधारात शाई पुसत घरी जाणाऱ्या व्यापाऱ्याची व्यथा मला फार वेगळी वाटत नाही.

जानेवारी १९०८ मध्ये गांधीजी तुरुंगात गेले, आणि महिना संपण्यापूर्वीच जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड होऊन सुटले. तडजोड अशी: हिंदी लोकांनी आपखुशीने नोंदणी करावी, मग सरकार कायदा मागे घेईल. सभेत एक पठाण उठला. त्याचे म्हणणे असे की, दहा बोटे गुन्हेगाराची घेतात हे तुम्हीच आम्हाला शिकवलेत. आता तुम्हीच ती द्या म्हणता, हे कसे? गांधीजींचे उत्तर थोडक्यात असे होते की, काल जे जबरदस्तीने मागितले जात होते ते देणे पाप होते. आज तेच आपण होऊन देणे हे सभ्यतेचे लक्षण आहे. पठाणाला ते पटले नाही. जो कोणी पहिला नोंदणी करायला जाईल त्याला मी मारीन, अशी त्याने शपथ घेतली.

१० फेब्रुवारीला गांधीजी कचेरीकडे निघाले असता मीर आलम या पठाणाने वाटेत त्यांना गाठले. हा गाद्या बनवणारा सहा फुटी इसम गांधीजींचा जुना अशील. कुठे निघालात, म्हणून त्याने विचारले. दहा बोटांचे ठसे देऊन दाखला घ्यायला, असे उत्तर मिळताच काठी डोक्यात बसली. शुद्धीवर आल्यावर गांधीजींनी दोन गोष्टी सांगितल्या: मारणाऱ्यांना सोडा, आणि नोंदणीचे कागद इथे आणा. पहिला दाखला आपणच घेणार, हे त्यांनी लोकांना कबूल केले होते. पाद्री डोक यांच्या घरी अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी बोटे उठवली. नोंदणी अधिकारी चामने यांच्यावर त्यांनी पूर्वी कडक टीका केली होती. त्या चामन्यांच्या डोळ्यांत या वेळी पाणी आले.

कायदा मात्र रद्द झाला नाही. आपण तसे वचन दिलेच नव्हते, असे स्मट्स म्हणाले. तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात लोक पुन्हा जमले. तीन पायांचे मोठे काफरी भांडे मांडले होते. सरकारचा नकार घेऊन एक स्वयंसेवक सायकलवरून आला. तार वाचताच टाळ्या झाल्या. दोन हजारांवर दाखले भांड्यात पडले, रॉकेल ओतले गेले आणि अध्यक्ष इसप मियांनी काडी ओढली. मीर आलम तिथे होता. मारले ही चूक झाली असे सांगून त्याने आपला जुना दाखला जाळायला दिला. त्याची बुद्धी साधी होती. कागद तोच तर अपमान तोच, असे त्याला वाटले होते. त्या दिवशी त्याला कळले असावे, की जो स्वतःच्या हाताने देता येतो तो स्वतःच्या हाताने जाळताही येतो.

लढा आणखी सहा वर्षे चालला, १९१४ च्या कायद्याने त्याचा एक अंक संपला. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदली पाहिजे. ज्यांची ही भूमी, त्या आफ्रिकी लोकांच्या गळ्यात ‘पास’ आधीपासूनच अडकवलेला होता, आणि हिंदी लोकांच्या तक्रारीत आम्हाला त्यांच्या पंक्तीला बसवता हाही एक सूर होता. परक्याच्या नोंदणीची खंत वाटणाऱ्यांना घरच्याच माणसाला परका ठरवणारा कागद तितकासा खुपला नाही. त्या कागदाशी त्यांचे त्यांनाच झगडावे लागले. १९१३ मध्ये ब्लूमफाँटेनच्या आफ्रिकी स्त्रियांनी पासविरुद्ध मोर्चा काढला. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पासविरोधी जमावावर गोळीबार होऊन ६९ माणसे मेली, आणि त्याच महिन्यात अल्बर्ट लुथुली व नेल्सन मंडेला यांनी आपापले पास जाळले. पासचे कायदे उठले ते १९८६ साली. बावन्न वर्षांच्या अंतराने त्याच देशात तोच जाळ पुन्हा दिसला.

मी शाळामास्तर. दरवर्षी शाळा सोडल्याचे दाखले लिहितो. नाव, जन्मतारीख, वर्तणूक, शेरा. घासाघीस करून एखादा बाप ‘वर्तणूक चांगली’ एवढे दोन शब्द मागतो, तेव्हा कागदाची ताकद कळते. आज आपली कितीतरी मुले आखातात, अमेरिकेत, जर्मनीत आहेत. तिकडचे राहण्याचे कार्ड हाती आले की घरी फोन येतो, पेढे वाटले जातात. त्यासाठी बोटेही दिलेली असतात, आणि त्यात कोणाला काही वाटत नाही; वाटू नये हेही बरोबरच. माणूस पाहुणा म्हणून गेला तर यजमानाने नाव विचारणे यात अपमान नाही.

एवढेच पाहावे की, विचारणारा नाव लिहून घेऊन आत बसा म्हणतो, की दारात उभे करून पुन्हा पुन्हा तेच विचारतो. आणि जे आपल्याला विचारतो ते शेजाऱ्यालाही विचारतो की नाही. आणि आपल्या दाराशी कोणी परका आला तर त्याच्यापुढे वही सरकवताना आपला आवाज कसा लागतो, हेही ऐकावे. हमीदिया मशिदीच्या आवारातला जाळ केव्हाच विझला आहे. पण त्या जाळाने विचारलेला प्रश्न दाखला मागणाऱ्यालाच आहे, घेणाऱ्याला नाही.