ग्रँट आली का?

मराठवाड्यात शिक्षक मुलाचं स्थळ आलं की मुलीकडच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ग्रँट आली का?" म्हणजे शाळा अनुदानित आहे की विनाअनुदानित. अनुदानित असेल तर किती टक्के? वीस, चाळीस की शंभर? नेमणूक नोव्हेंबर २००५ च्या आधीची की नंतरची (म्हणजे जुनी पेन्शन आहे की नाही)? आमच्या नात्यात एक काका आहेत. त्यांना अजून मोबाईलवरून फोटो पाठवता येत नाही, पण या विषयात ते एखाद्या शिक्षणाधिकाऱ्यालाही गप्प करतील.

आणि हेच काका क्रांती चौकात शिक्षकांचा मोर्चा दिसला की म्हणतात, "यांना काय कमी आहे? गलेलठ्ठ पगार, उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, आणि स्वतःची पोरं इंग्लिश मीडियमला!" तिथे टक्के नाहीत, नेमणुकीची तारीख नाही. सगळे एकच, शिक्षक.

मी उस्मानपुऱ्यात राहतो. क्रांती चौक हाकेच्या अंतरावर, त्यामुळे शहरातल्या बहुतेक मोर्च्यांचं ट्रॅफिक जॅम आमच्या वाट्याला येतं आणि त्यावरची लोकांची कॉमेंटरीही फुकटात ऐकायला मिळते. शिक्षकांच्या मोर्च्यावरची कॉमेंटरी मला कायम वेगळी वाटत आलीय. एसटीवाले संपावर गेले तर लोक वैतागतात, पण "तुम्हाला शोभतं का?" असं कुणी विचारत नाही. शिक्षकाला विचारतात. हे कुठून आलं असावं म्हणून थोडं वाचलं, त्याचा हा लेख.

आपल्याकडे 'आदर्श गुरुजी' ही प्रतिमा तशी सगळ्या महाराष्ट्रातच आहे. अमळनेरला शिकवणारे साने गुरुजी, पुलंचे चितळे मास्तर वगैरे. पण मराठवाड्यात तिला एक जास्तीची धार आहे. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू, त्यामुळे मराठी खासगी शाळा चालवणं हेच राजकीय काम होतं. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचं योगेश्वरी, आपल्या शहरातलं सरस्वती भुवन या सगळ्या संस्थांमध्ये लोकांनी अक्षरशः पोटाला चिमटा घेऊन शिकवलं. स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याला आणि मग अंबाजोगाईला शिक्षक होते आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व त्यांनीच केलं. त्यामुळे आमच्याकडे 'गुरुजी' म्हटलं की जवळजवळ संन्यासीच डोळ्यांसमोर येतो, आणि संन्याशाने पगारवाढ मागायची नसते.

गंमत म्हणजे हेच स्वामीजी शाळेत येण्याआधी ना. म. जोशींबरोबर कामगार चळवळीत होते! म्हणजे मराठवाड्याच्या आदर्श गुरुजींनी कामाची सुरुवात केली ती युनियनमध्ये. ही गोष्ट १७ सप्टेंबरच्या भाषणांत मी तरी कधी ऐकली नाही.

असो. प्रत्यक्षात शिक्षकाची नोकरी म्हणजे काय होती? खासगी शाळांमध्ये बऱ्याच ठिकाणी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी कामावरून कमी करायचं आणि जूनमध्ये परत घ्यायचं, म्हणजे सुट्टीचा पगार वाचतो, असा मामला असे. संस्थाचालकाची मर्जी फिरली की नोकरी गेली. त्याला पहिला खरा लगाम बसला तो १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याने आणि १९८१ च्या नियमावलीने. दोन वर्षं परिविक्षा, मग कायम, आणि काढून टाकलं तर दाद मागायला शाळा न्यायाधिकरण. त्याच सुमाराला, डिसेंबर १९७७ मध्ये, सरकारी आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा प्रसिद्ध संप सुरू झाला. मागणी केंद्रासारख्या महागाई भत्त्याची. शिक्षकही त्यात होते. घरातली जुनी माणसं अजून 'तो चोपन्न दिवसांचा संप' असंच म्हणतात. मास्तर हा नोकरदार आहे, हे समाजाने त्या वेळी बहुधा पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. आणि ते त्याला फारसं आवडलं नाही, असं माझं मत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पाचवा वेतन आयोग आला, सरकारच्या तिजोरीला घाम फुटला आणि २००० साली 'शिक्षण सेवक' योजना आली. नवीन शिक्षक पहिली तीन वर्षं शिक्षक नाही तर 'सेवक', आणि त्याला पगार नाही तर 'मानधन'. (असं करणारे आपण एकटे नव्हतो. गुजरातमध्ये १९९८ पासून 'विद्या सहायक' होतेच.) शब्दांचं काम बघा. पगार हा हक्क असतो, तो कमी पडला तर भांडता येतं. मानधन म्हणजे मान म्हणून दिलेलं धन, त्यात घासाघीस करणारा हावरट दिसतो. सेवक म्हटलं की आमच्या हिप्परग्याच्या परंपरेशीही छान जुळतं. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाचं मानधन २०२३ मध्ये १६ हजार झालं, त्याआधी कैक वर्षं ते महिना ६ हजार होतं. त्या काळात आपल्यातल्या फ्रेशर्सची पॅकेजेस आठवून बघा.

खरी मेख मात्र २००१ ची आहे. त्या नोव्हेंबरात सरकारने ठरवलं की यापुढे नवीन शाळांना परवानगी 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर. विनाअनुदानित हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. वसंतदादांनी १९८३ मध्ये खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं सुरू करू दिली आणि आपल्यातले बरेच जण त्याच धोरणाची फळं आहेत :-) पण तिथे फी होती. आई-बापांनी कर्ज काढून, शेत विकून भरली, पण भरली. तालुक्याच्या गावात मराठी माध्यमाच्या शाळेत फी कोण देणार? अनुदान नाही, फी नाही, पण वर्ग भरतायत, दहावीचे निकाल लागतायत. मग शाळेला अनुदान दिलं कुणी? शिक्षकाने दिलं! दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं बिनपगारी किंवा नाममात्र पैशांवर शिकवून. वर नोकरी लागताना संस्थेला 'डोनेशन' मोजलेले वेगळेच.

तुम्ही म्हणाल, मग करायची कशाला अशी नोकरी? मीही माझ्या मावसभावाला हेच विचारलं होतं. तो सकाळी शाळा, संध्याकाळी ट्यूशन आणि रविवारी शेत करायचा. त्याचं उत्तर सरळ होतं. आधीच्या पिढीने काही वर्षं कळ काढली तेव्हा त्यांच्या शाळांना ग्रँट आली, आपल्याही येईल. सोडली तर आतापर्यंतची वर्षं पाण्यात. शेअरमध्ये अडकलेल्या माणसाचं लॉजिक म्हणा हवं तर. आणि जुलै २००९ मध्ये सरकारने तो 'कायम' शब्द खरंच काढून टाकला, त्यामुळे आशा चुकीची होती असंही म्हणता येत नाही. २०११ मध्ये मूल्यांकन झालेल्या शाळांना २०, ४०, ६०, ८०, १०० टक्के असे टप्पे ठरले. पहिले २० टक्के हातात यायला मात्र २०१६ उजाडलं.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला औरंगाबादेत (तेव्हा शहराचं नाव हेच होतं) मंत्रिमंडळाची बैठक होती. मराठवाड्यासाठी सुमारे ४९ हजार कोटींच्या घोषणा त्या बैठकीतल्या. बाहेर आमखास मैदानाकडे विनाअनुदानित शाळांच्या शिक्षकांचा मोर्चा, मागणी वीस टक्क्यांवर बोळवण नको, ठरल्याप्रमाणे पूर्ण अनुदान द्या ही. दगडफेक झाली, लाठीमार झाला, शिक्षकही जखमी झाले आणि पोलीसही. अनेक शिक्षकांना अटक झाली. नंतर आमच्या भागात जे कानावर आलं त्यात दोनच सूर होते. एक, "गुरुजींवर लाठ्या? काय दिवस आले." दुसरा, "दगड मारणारे कसले गुरुजी?" दोन्ही वाक्यांत तो माणूस गुरुजीच आहे, हे लक्षात घ्या. पंधरा वर्षं पगार न मिळालेला एक पदवीधर कामगार, असं त्याच्याकडे कुणीच पाहिलं नाही. सहानुभूती दाखवणाऱ्यांनीही नाही.

माझ्या मते सगळा घोळ इथे आहे. एकाच शाळेच्या स्टाफरूममध्ये आज जुन्या पेन्शनवाला असतो, २००५ नंतरचा असतो, शिक्षण सेवक असतो, टप्पा अनुदानावरच्या तुकडीचा असतो आणि तासिकेवरचाही असतो. विषय तोच, खडू तोच, पगारात चार-पाच पट फरक. लोकांचा राग असतो पहिल्यावर, त्याच्या आकड्यावर. तो राग निराधार आहे असंही नाही. 'असर'चे अहवाल वाचले की मलाही चीड येते. पण रस्त्यावर बसलेला बहुतेक वेळा शेवटच्या तिघांपैकी असतो आणि पहिल्याचा राग त्याच्यावर निघतो.

आपल्याला हे कळायला हरकत नाही खरं तर. ऑफिसात कॉन्ट्रॅक्टवाल्यांच्या आयडी कार्डची पट्टी वेगळ्या रंगाची असते, टीम लंचला त्यांना धरायचं की नाही यावर मेल फिरतात. घरमालकाला मात्र सगळे 'आयटीवाले', सगळ्यांचं भाडं सारखंच वाढतं.

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी सात दिवसांचा राज्यव्यापी संप झाला तेव्हा कोल्हापुरात बेरोजगार तरुणांनी उलट, पेन्शनच्या विरोधात मोर्चा काढला. व्हॉट्सॲपवर 'निम्म्या पगारात आम्ही करतो' छाप मेसेज फिरत होते, आमच्या ग्रुपवरही आले. त्यात डीएड-बीएड करून भरतीची वाट बघत बसलेलेही होते, म्हणजे उद्याचे शिक्षकच. दीड वर्षाने सरकारनेही जवळपास तोच हिशोब मांडला. कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळांवर निवृत्त शिक्षक किंवा डीएड-बीएड झालेले बेरोजगार कंत्राटी पद्धतीने, महिना १५ हजारांवर. त्या शासन निर्णयाची तारीख ५ सप्टेंबर २०२४. होय, शिक्षक दिन!

२५ सप्टेंबरला जिल्हा परिषदेचे शिक्षक सामूहिक रजेवर गेले आणि जिल्ह्याजिल्ह्यात मोर्चे निघाले. शेवटी २०२५ मध्ये तो निर्णय रद्द झाला. टप्पा अनुदानवाले मात्र त्याच वर्षी जुलैमध्ये भर पावसात आझाद मैदानावर बसले होते, वाढीव टप्प्याचा निर्णय आदल्या ऑक्टोबरात होऊनही पैसे आले नाहीत म्हणून. माझा मावसभाऊ त्यात होता. दोन दिवसांची रजा टाकून गेला होता, आणि त्या दोन दिवसांची ट्यूशन बुडाल्याबद्दल एका पालकाने त्याला फोनवर ऐकवलं, "सर, तुम्हीच असं वागायला लागलात तर पोरांनी कुणाकडे बघायचं?"