वार, बोर्डिंग आणि पहिले सत्र

पुण्यात शिकायला आलेल्या गरीब मुलापुढे पूर्वी पहिला प्रश्न जेवणाचा असे. तो सोडवण्याची रूढ रीत म्हणजे वार लावणे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरे धरायची. एखादा वार रिकामा राहिला तर माधुकरी मागायची. या पंगतीत पोट भरेच, शिवाय खोली कुठे मिळेल, जुनी पुस्तके कोणाकडे आहेत, कोणत्या मास्तरांना भेटावे, हेही कळे. आज आपण ज्याला ओरिएंटेशन म्हणतो ते काम शहरातली घरे करत होती. पण वार बहुतांशी ब्राह्मण घरांत ब्राह्मण मुलांना मिळत. शेतकऱ्याच्या किंवा अस्पृश्य मानलेल्या घरातल्या मुलाला कॉलेजात प्रवेश मिळाला तरी शहरात त्याचे पान मांडले जात नसे. शिक्षणाचे दार कागदावर उघडणे आणि आलेल्या मुलाला आत सामावून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे दुसरी गोष्ट घडली ती सभागृहातल्या भाषणांनी नव्हे, ताट आणि छप्पर यांची जबाबदारी घेणाऱ्यांमुळे.

हे सर्वांत स्पष्टपणे ओळखले ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. राजाराम कॉलेज १८८० पासून चालू होते, तरी बहुजन मुले तिथवर पोचत नव्हती. १८९६ मध्ये सर्वांसाठी काढलेल्या वसतिगृहात व्यवहारात ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच प्राबल्य राहिले. मग महाराजांनी वाट बदलली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच सुमारास जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. या जागांना इमारती, जमिनी, अनुदाने मिळाली. खेड्यातून आलेल्या मुलाला ओळखीची बोली, ओळखीचे जेवण आणि एक-दोन वर्षे आधी आलेला सोबती मिळू लागला.

यावर आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे: जातवार बोर्डिंगांनी मुलांना आपापल्या कुंपणातच ठेवले. याचा दाखला पुढे रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांच्याच चरित्रात आहे. कोल्हापुरात शिकताना ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांनी शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. म्हणजे ज्या घराने त्यांना आसरा दिला त्यानेच मर्यादाही घातली. तरीही बोर्डिंगची कल्पनाच चुकीची होती असा निष्कर्ष यातून निघत नाही, कारण याच भाऊरावांनी ती टाकून न देता पुढे नेली. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. स्वयंपाक, पाणी, शेतातली कामे आळीपाळीने करत. निधी आटला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. १९२७ मध्ये गांधीजी ते बोर्डिंग पाहून गेले. नवा मुलगा तिथे रुळला तो कोणी उपदेश केला म्हणून नव्हे. पहिल्याच आठवड्यात त्याच्या वाट्याला काम येई आणि त्या कामावाचून सगळ्यांचे अडे. पुण्यात १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने हाच धागा शहरात चालवला.

कॉलेजांनी नवागतांकडे नियमाने लक्ष द्यायला सुरुवात केली ती बरीच उशिरा, आणि रॅगिंगच्या धास्तीने. महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये केला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ मध्ये आले. पुढे तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षासाठी तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम आखला आणि २०१९ मध्ये आयोगाने ‘दीक्षारंभ’ हा तसाच परिचय कार्यक्रम मांडला. हेतू चांगले आहेत, पण अनेक ठिकाणी त्यांची परिणती भाषणे, हजेरी आणि फोटो यांतच होते. थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या डिप्लोमाच्या मुलांच्या वाट्याला तर तेही येत नाही. त्यांचा प्रवेश पक्का होईपर्यंत वर्ग सुरू झालेले असतात आणि वर्गातले गट जमलेले असतात. वर्गात ती सर्वांत नवी असतात, तरी ‘नवे विद्यार्थी’ या व्याख्येत बसत नाहीत.

कोणी म्हणेल, बोर्डिंगात मूठभर मुले होती. हजारोंच्या कॉलेजला प्रत्येक नवागताला असे सामावून घेणे झेपायचे कसे? उत्तर २००९ च्या नियमांतच आहे. नवागतांचे लहान गट करावेत आणि प्रत्येक गट एका प्राध्यापकाकडे द्यावा, असे ते सांगतात. संख्या मोठी असेल तर गट जास्त लागतील, एवढेच. वरच्या वर्गातल्या मुलांना त्यात जबाबदारी दिली तर रॅगिंगला वाव कमी होईल आणि आधी शिकलेले पुढच्याच्या हाती जाईल. मेसची सोय, परवडणारी खोली, शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणारा माणूस, इंग्रजीतल्या व्याख्यानाच्या पहिल्या धक्क्यात सोबत, हे सारे पूर्ण पहिल्या सत्रभर आणि थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांसकट मिळायला हवे. प्रवेश दिलेल्या मुलाला टिकवणे हे दानधर्माचे काम नाही, ते कॉलेजचेच काम आहे. शंभर वर्षांपूर्वी तुटपुंज्या साधनांवर साताऱ्यात ते करून दाखवले गेले. आजच्या संस्थांकडे इमारती आहेत, पगारी कर्मचारी आहेत, नियमही आहेत. त्यामुळे जमत नाही म्हणण्याची सोय त्यांना राहिलेली नाही.