‘हिमनग’ शब्दाची जन्मकथा

कामगारांच्या सभांतून एक वाक्य मी अनेकदा वापरले आहे : ‘ही तक्रार म्हणजे केवळ हिमनगाचे टोक होय!’ एकदा सभा संपल्यावर एका वृद्ध खलाशाने मला विचारले, “भाऊ, नग म्हणजे डोंगर ना? मग तो पाण्यावर तरंगतो कसा?” मला उत्तर देता आले नाही. माझी शाळा लवकर सुटलेली. तेव्हा ग्रंथालय गाठणे भाग पडले.

‘नग’ याची फोड ‘न गच्छति’, म्हणजे जो जागचा हलत नाही तो, अशी करतात. आणि हे नाव आपण समुद्रभर हिंडणाऱ्या बर्फाला दिले! पण हा घोटाळा मूळचा आपला नव्हे. ‘हिमनग’ हा इंग्रजी ‘आइसबर्ग’चा प्रतिशब्द, आणि त्यातला डोंगरवाचक ‘बर्ग’ डच भाषेतून आलेला आहे.

१५९६ साली विलेम बारेंट्स व त्याचे सोबती उत्तर ध्रुवाकडील एका बेटाशी पोचले. तेथील टोकदार शिखरांवरून त्यांनी त्याला ‘स्पिट्सबर्गन’ म्हटले. सतराव्या शतकात डच खलाशी तेथे देवमासे मारून किनाऱ्यावरील भट्ट्यांत चरबी वितळवीत. त्यांच्या एका वस्तीचे नावच ‘स्मेरेनबर्ग’, म्हणजे चरबीचे गाव! १७७३ साली इंग्रज कप्तान फिप्स त्या किनाऱ्यावर गेला. त्याच्या वृत्तांतात ‘आइसबर्ग’ म्हणजे जमिनीवरून समुद्रापर्यंत उतरलेला बर्फाचा कडा. त्याच सुमारास, १७७२ ते १७७५ या काळात, दक्षिणेकडे फिरणारा कुक तरंगत्या बर्फाला ‘बर्फाची बेटे’ म्हणत होता. पुढे कड्यापासून तुटलेल्या तुकड्यालाच कड्याचे नाव चिकटले.

दर्यावर्दी माणूस मात्र धोका ओळखून नाव ठेवतो. पाण्यावर एक मीटरही न दिसणाऱ्या तुकड्याला इंग्रज खलाशी ‘ग्राउलर’, म्हणजे गुरगुरणारा, म्हणतात. १९१२ साली हिमनगावर आदळून ‘टायटॅनिक’ बुडाले. सुमारे १५०० माणसे गेली. तेव्हा कोठे १९१४ साली आंतरराष्ट्रीय हिम-गस्त सुरू झाली.

हे सारे मी त्या खलाशाला सांगितले. तो म्हणाला, “म्हणजे डोंगर खराच, पण तुटून निघालेला!”

मित्रहो, हिमनगाचा दहापैकी सुमारे नऊ भाग पाण्याखाली असतो, हे आपण सारेच जाणतो. तो कोणत्या किनाऱ्यावरून तुटला, हे मात्र कोणी विचारीत नाही. तक्रारीचेही तसेच आहे.