'वेद' आणि 'विट' : एका जर्मानिक क्रियापदाची वंशकथा

इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश, आइसलँडिक आदी भाषांची जननी असलेली आद्य जर्मानिक भाषा लिखित स्वरूपात उपलब्ध नाही. तिच्या कन्यांची तुलना करून भाषाशास्त्रज्ञांनी तिची पुनर्रचना केली आहे. अशा अनुमानित शब्दामागे तारकाचिन्ह देण्याचा प्रघात आहे. *विटनं, म्हणजे 'जाणणे', हे त्यांपैकीच एक क्रियापद होय.

या क्रियापदाचे मूळ आद्य इंडो-युरोपीय भाषेतील 'पाहणे' या अर्थाच्या धातूत आहे. त्याच धातूपासून संस्कृतात 'विद्' झाला आणि लॅटिनमध्ये 'मी पाहतो' या अर्थाचे 'विदेओ' झाले. 'व्हिडिओ' हा आजचा शब्द त्यावरूनच आला. अर्थात 'विद्या' आणि 'व्हिडिओ' हे दूरचे भाऊबंद ठरतात.

या धातूचे पूर्णभूतकाळी रूप 'मी पाहिले आहे' असे सांगता सांगता 'मी जाणतो' असे सांगू लागले. रूप भूतकाळाचे, अर्थ मात्र वर्तमानाचा! संस्कृतातील 'वेद' (मी जाणतो), ग्रीकमधील 'ओइदा' आणि गॉथिकमधील 'वाइट' या तिन्ही रूपांत हीच विसंगती आढळते. 'विद्'ला वर्तमानकाळी अर्थातही परोक्ष भूतकाळाचे प्रत्यय लागू शकतात, याची नोंद पाणिनीने स्वतंत्र सूत्रात केली आहे.

स्वरांचा पालटही सारखाच आहे. संस्कृतात एकवचनी 'वेद', पण अनेकवचनी 'विद्म'. गॉथिकमध्ये 'वाइट' आणि 'विटुम'. आजच्या जर्मनमध्ये 'इख वाइस' आणि 'वीर विसेन'. व्यंजनांतील भेदही नियमबद्ध आहे. याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार मूळच्या 'द'चा जर्मानिक भाषांत 'ट' होतो. पुढे जर्मनमध्ये स्वरानंतरच्या 'ट'चा 'स' झाला.

या क्रियापदाचा वंशविस्तार मोठा आहे. जर्मन 'विसेन', डच 'वेटन', स्वीडिश 'वेटा' व आइसलँडिक 'विटा' ही क्रियापदे आजही नित्य वापरात आहेत. जर्मनमध्ये विज्ञानाला 'विसेनशाफ्ट' आणि सदसद्विवेकाला 'गेविसेन' म्हणतात. इंग्रजीत मात्र 'नो' या क्रियापदाने त्याची जागा घेतली. १६११ च्या बायबल भाषांतरात 'वॉट' व 'विस्ट' ही रूपे दिसतात, पुढे ती लोपली. 'विट' (बुद्धी, मग विनोदबुद्धी), 'विटनेस' (साक्षीदार) आणि कायद्याच्या भाषेतील 'टू विट' (म्हणजेच) एवढे अवशेष उरले. 'वाइज' हा शब्दही याच कुळातला.

शाळेत 'ही' या कर्त्यापुढे क्रियापदाला 'एस' लावण्यास शिकवतात, पण 'कॅन', 'मे', 'शॅल' यांना तो लागत नाही. कारण हीदेखील *विटनंच्याच वर्गातील, मूळची भूतकाळी रूपे आहेत.

या साम्यावरून इंग्रजी ही संस्कृतची कन्या, असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. तो चुकीचा आहे. संस्कृत आणि आद्य जर्मानिक या एकाच पूर्वज भाषेच्या दोन शाखा होत. नुसते उच्चारसाम्य योगायोगानेही घडते आणि शब्द उसनेही घेता येतात. परंतु रूपांमधील असा सामायिक अपवाद सहसा वारशानेच येतो. भाषांचे नाते सिद्ध करताना नियमांइतकेच अपवादांना महत्त्व असते, ते यामुळेच.