कोट (सुटाचा)

पुढून उघडणारे, कॉलर व बाह्या असलेले, अस्तर लावून शिवलेले आणि त्याच कापडाच्या विजारीबरोबर घालावयाचे बाह्यवस्त्र. त्याची लांबी सामान्यतः नितंब झाकतील एवढी असते. आज प्रचलित असलेला त्याचा आकार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये रूढ झाला. खांद्याची बांधणी, पुढील पल्ल्यांची रचना, कॉलरचा आकार व कमरेचा घोळ या चार बाबींवरून त्याचे प्रकार ओळखता येतात. हे भेद केवळ शिंप्यांच्या कल्पकतेतून निर्माण झालेले नाहीत. घोडेस्वारी, नौकानयन, लष्करी सेवा, खेळ यांच्या गरजांच्या खुणा त्यांत टिकून आहेत. एका पिढीने अनौपचारिक मानलेला कोट पुढच्या पिढ्यांत प्रतिष्ठेचा ठरतो, हे या वस्त्राच्या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

पूर्वेतिहास : इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स (कार. १६६०–८५) याने ऑक्टोबर १६६६ मध्ये दरबारासाठी वास्कटासारख्या लांब अंतर्वस्त्राचा नवा पोशाख जाहीर केला. सॅम्युएल पेपिस याच्या रोजनिशीत त्याची नोंद आढळते. कोट, वास्कट व विजार या त्रयीची सुरुवात सामान्यतः येथपासून मानली जाते. अठराव्या शतकात फ्रेंच दरबारी कोट रेशमी व जरतारी असे, तर इंग्लंडमधील जमीनदार ग्रामीण भागात वावरताना लोकरीचा साधा कोट वापरीत. घोड्यावर बसताना अडथळा होऊ नये म्हणून त्याचे पुढील पल्ले कापलेले असत. त्यातूनच मागे शेपटासारखे दोन पल्ले असलेला टेलकोट निर्माण झाला. बो ब्रमेल (१७७८–१८४०) याने गडद निळ्या रंगाच्या, अंगाबरोबर बेतलेल्या कोटाला लंडनच्या उच्चभ्रू समाजात मान्यता मिळवून दिली. भरजरी कापडापेक्षा बेतण्याच्या कौशल्याला महत्त्व आले ते तेव्हापासून. स्वारीसाठी उपयोगी पडणारा टेलकोट पुढे रात्रीच्या मेजवानीचा सर्वांत औपचारिक पोशाख बनला.

व्हिक्टोरियन काळात दिवसा गुडघ्यापर्यंत पोहोचणारा फ्रॉककोट वापरीत. त्याच्या कमरेवर आडवी शिवण असे. याउलट, घरी वा गावाबाहेर निवांतपणे वापरावयाचा लाउंज कोट आखूड व सैल असून त्याला कमरेची आडवी शिवण नसे. शिवण्यास सोपा आणि हालचालीस सोयीचा असल्याने तो कारकून, व्यापारी आदी वर्गांतही पसरला. १९३६ मध्ये आठव्या एडवर्डने दरबारातील फ्रॉककोट बंद केला, तेव्हा लाउंज कोटाने शहरी व्यवहाराचे क्षेत्र केव्हाच व्यापलेले होते. सुटाचा आजचा कोट तो हाच. रात्रीच्या भोजनासाठी टेलकोटाऐवजी आखूड कोट वापरण्याची प्रथाही याच प्रवाहातील आहे. तो वेल्सच्या राजपुत्रासाठी (पुढे सातवा एडवर्ड) लंडनच्या हेन्री पूल या पेढीने १८६५ मध्ये शिवला, असे त्या पेढीची परंपरा सांगते. अमेरिकेत त्यास न्यूयॉर्कनजीकच्या टक्सीडो पार्कवरून ‘टक्सीडो’ हे नाव पडले.

रचना : सिंगल ब्रेस्ट कोटात गुंड्यांची एकच रांग असते. डबल ब्रेस्ट कोटात एक पल्ला दुसऱ्यावर बराच चढवून गुंड्यांच्या दोन रांगा लावतात. समुद्रावरील वाऱ्यापासून छातीचे रक्षण करणाऱ्या नाविकांच्या जाड कोटाशी या प्रकाराचे नाते आहे. लॅपेल म्हणजे कॉलरखालचा, छातीवर उलटलेला भाग. तो खाचेचा, वर टोक निघालेला किंवा शालीसारखा सलग गोल असतो. खाचेचा लॅपेल रोजच्या कोटास, टोकदार लॅपेल डबल ब्रेस्ट व समारंभाच्या कोटास आणि शालीसारखा लॅपेल भोजनाच्या कोटास लावण्याचा प्रघात आहे. लॅपेलवरील एकाकी काज हा कोट गळ्यापर्यंत बंद करता येत असे त्या काळाचा अवशेष होय. मागील मधली चीर घोडेस्वारीतून आली. कोटाचा डौल मात्र बाहेरून न दिसणाऱ्या भागावर अवलंबून असतो. कापड व अस्तर यांमध्ये घोड्याच्या केसांचे मिश्रण असलेला कॅनव्हास हाताने टाचला, तर छातीचा भाग अंगाचा आकार घेतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅनव्हासाऐवजी उष्णतेने चिकटणारे कापड वापरात आले. त्यामुळे तयार कोट स्वस्त झाला.

शैली : लंडनच्या सॅव्हिल रो भागातील परंपरागत कोट लष्करी गणवेशाच्या वळणाचा असतो. त्याचे खांदे भक्कम, कंबर आवळलेली व खालचा घेर किंचित पसरट असतो. फ्रेडरिक शोल्ट या शिंप्याने रक्षक दलातील अधिकाऱ्यांच्या मोठ्या कोटावरून छाती व पाठ यांवर थोडे जादा कापड ठेवण्याची पद्धत काढली. विंडसरचा ड्यूक त्याचा ग्राहक होता. अमेरिकेतील सॅक कोटास कमरेजवळ कापड आत घेणाऱ्या शिवणी नसतात आणि खांदे नैसर्गिक उताराचे असतात. हा सरळ आकार निरनिराळ्या बांध्यांच्या माणसांना चालत असल्याने मोठ्या प्रमाणावरील उत्पादनास अनुकूल ठरला. नेपल्समध्ये जेन्नारो रुबिनाच्ची याने १९३२ मध्ये काढलेल्या दुकानात व्हिन्चेन्झो आत्तोलिनी याने खांद्याचा भराव व आतील कॅनव्हास कमी करून हलका कोट तयार केला. त्याची बाही सदऱ्याप्रमाणे बारीक चुण्या घालून बसवितात. उष्ण हवामानाला तो सोयीचा आहे. जॉर्जो आर्मानी याने १९७५ नंतर हेच मऊपण तयार कपड्यांच्या व्यवसायात आणले.

सामाजिक संदर्भ : कोटाला किती कापड लागावे आणि तो कोणी घालावा, हे प्रश्न वेळोवेळी सार्वजनिक वादाचे झाले आहेत. दुसऱ्या महायुद्धात कापड वाचविण्यासाठी ब्रिटिश शासनाने १९४२ मध्ये डबल ब्रेस्ट कोटावर बंदी घातली व खिशांच्या संख्येवर मर्यादा आणली. अमेरिकेतही लोकरीच्या वापरावर निर्बंध होते. तेथे रुंद खांद्यांचा व गुडघ्याकडे पोहोचणारा ‘झूट’ सूट मेक्सिकन वंशाच्या व कृष्णवर्णीय तरुणांत प्रिय होता. जून १९४३ मध्ये लॉस अँजेल्स येथे नौसैनिकांनी अशा तरुणांना रस्त्यांत गाठून मारहाण केली व त्यांचे कपडे उतरविले. कापडाची उधळपट्टी हे निमित्त असले, तरी त्यामागे वांशिक द्वेष होता. ईव्ह सें लोराँ याने १९६६ मध्ये स्त्रियांसाठी भोजनाचा कोट व विजार सादर केली, तेव्हा पुरुषांच्या मक्तेदारीलाही आव्हान मिळाले.

भारत : मुंबईच्या पारशी समाजाने व इंग्रजी शिक्षित वर्गाने एकोणिसाव्या शतकात कोट स्वीकारला. महाराष्ट्रात धोतरावर बंद गळ्याचा लांब कोट व डोक्यास पगडी किंवा टोपी हा शिक्षक, वकील व कारकून यांचा पोशाख दीर्घकाळ टिकला. सबंध सूट मात्र राज्यकर्त्यांच्या बरोबरीचे चिन्ह समजला जाई. १८८८ मध्ये लंडनला गेलेल्या महात्मा गांधींनी तेथे तो वापरला. पुढे १९२१ मध्ये मदुराई येथे त्यांनी पंचा स्वीकारला. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत गांधीजी पंचा व शाल अशा वेशात, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुटात उपस्थित होते. या दोन वेशांना केवळ देशी व विदेशी एवढाच अर्थ नव्हता. ज्या समाजाला वस्त्रांच्या बाबतीतही रूढीचे निर्बंध पाळावे लागत, त्या समाजात आंबेडकरांचा जन्म झाला होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे त्यांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची ओळख पटविणारा पेहराव टाकून देण्यास सांगितले. स्वेच्छेने वस्त्र कमी करणे आणि आजवर नाकारलेले वस्त्र परिधान करणे या दोन्ही कृती त्या काळी राजकीय स्वरूपाच्या होत्या. महाराष्ट्रातील गावोगावच्या आंबेडकरांच्या पुतळ्यांवर निळा कोट दिसतो. एके काळी घरगुती वापरासाठी निघालेला लाउंज कोट येथे मानवी प्रतिष्ठेचे प्रतीक बनला आहे.