नळ कोणाचा? १८५४ चे लंडन आणि मिठाची साक्ष

जॉन स्नो म्हटले की ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि त्याचा काढून टाकलेला दांडा आठवतो. पटकीच्या त्याच साथीत, १८५४ साली, थेम्सच्या दक्षिणेला त्याने केलेला तपास मात्र अधिक कसाचा होता.

दक्षिण लंडनच्या अनेक गल्ल्यांतून दोन पाणी कंपन्यांचे नळ शेजारी-शेजारी गेले होते. एका घरात लॅम्बेथ कंपनीचे पाणी, तर लगतच्या घरात साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनीचे. वस्ती तीच, हवा तीच, माणसेही सारख्याच ऐपतीची. फरक होता तो पाण्याचा. लॅम्बेथने १८५२ मध्ये आपला उपसा नदीच्या वरच्या अंगाला, थेम्स डिटन येथे हलवला होता. दुसरी कंपनी बॅटरसीजवळ, शहराचे सांडपाणी मिसळलेल्या पात्रातूनच पाणी घेत होती. रोग दुर्गंधित हवेतून पसरतो असे बहुतेक डॉक्टर मानत असताना याहून चोख कसोटी मिळणे कठीण होते.

पण मृत्यू झालेल्या घरी जाऊन विचारावे, तर अनेकांना कंपनीचे नावच ठाऊक नसे. पाणीपट्टी घरमालक भरी आणि तो राही दुसरीकडेच.

यावर स्नोने रसायनशास्त्रातून तोडगा काढला. लहानशा कुपीत घरातले पाणी घ्यायचे, वर पत्ता लिहायचा आणि परतल्यावर त्यात सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण घालायचे. मीठ पाण्यात विरघळले की सोडियम आणि क्लोराइडचे आयन सुटे होतात. चांदीचा आयन भेटताच क्लोराइड त्याच्याशी जखडला जातो आणि पाण्यात जवळजवळ न विरघळणारे सिल्व्हर क्लोराइड पांढऱ्या साक्याच्या रूपाने वेगळे होते. सोडियम व नायट्रेट द्रावणातच राहतात. (ही आजची भाषा. द्रावणातील आयनांचा सिद्धांत अऱ्हेनियसने मांडला तो १८८० च्या दशकात. स्नो १८५८ मध्येच निवर्तला होता. साका मात्र सिद्धांतासाठी थांबत नाही.) कार्बोनेटही चांदीबरोबर साका देते, म्हणून आज प्रयोगशाळेत आधी नायट्रिक आम्ल घालून ते घालवतात.

एक गॅलन लॅम्बेथच्या पाण्यातून २.२८ ग्रेन सिल्व्हर क्लोराइड निघाले, म्हणजे मीठ ०.९५ ग्रेन. साउथवर्क अँड वॉक्सहॉलच्या पाण्यातून निघाले ९१ ग्रेन, मीठ ३७.९ ग्रेन. चाळीस पटींचा फरक! कुपीतले पाणी किंचित धुरकट होते की दाट पांढरे, एवढे पाहूनच नळ कोणाचा ते कळे. तराजूची गरजच नव्हती.

येथे एक गैरसमज टाळायला हवा. मिठाने कोणी मरत नव्हते. बॅटरसीपर्यंत भरतीचे पाणी चढे, आणि लाखो माणसांच्या मूत्रातले मीठ गटारांतून नदीत येई. थेम्स डिटनला यांतले काहीच पोहोचत नव्हते. क्लोराइड निरुपद्रवीच, पण ते पाण्याचा पत्ता सांगत होते.

साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा लागला: साउथवर्क अँड वॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८. दर दहा हजार घरांमागे ३१५ विरुद्ध ३७. उपसा भरतीच्या पट्ट्याबाहेर नेण्यास १८५२ च्या कायद्याने कंपन्यांना १८५५ पर्यंत मुदत दिली होती. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनी हॅम्प्टनला गेली ती १८५५ मध्येच.